फवारणीचं सेफ्टी किट : आंब्याच्या बागेत दोन सीझन वापरल्यानंतर

हे किट ह्यांनी नाही, मी मागवलं. कारण फवारणीचे कपडे मी धुते. आमची बाग रत्नागिरीजवळ पावसच्या पुढं पूर्णगडकडे जाताना सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर आहे, हापूसची शंभरेक कलमं, त्यातली निम्मी सासऱ्यांच्या हातची आणि चांगली उंच. डिसेंबर ते मार्च संध्याकाळी न्हाणीच्या दगडावर ते कपडे येऊन पडायचे तेव्हा आधी वास यायचा आणि मग कपडे दिसायचे. घासलेट, कुजका लसूण आणि त्यात काहीतरी गोडसर, असा तो वास, दोन पाण्यांतून काढला तरी जात नाही. पंधरा वर्षं मी ते कपडे उघड्या हातानं घासले आणि त्याच दगडावर पोरांचे शाळेचे शर्टपण धुतले. बोटांची सालं निघायची, मला वाटायचं साबणानं निघतात.

म्हणून हे जरा लांबणार आहे. ज्यांना फक्त घ्यावं की नको एवढंच विचारायचंय त्यांना सांगते, घ्या. पण पाकिटातून निघतं तसंच वापरू नका, कारण ते आपल्या आंब्यासाठी बनलेलं नाही.

किट ऑनलाइन मागवलं, १,६५० रुपये पडले. आत टोपीवालं जॅकेट, पँट, गॉगल, दोन बाजूला डबे असलेला रबरी मास्क आणि हिरवे नायट्राइल रबराचे हातमोजे. गमबूट नव्हते, ते आमच्याकडे गोठ्यातल्या कामाचे होतेच. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण चार-पाच नावांनी हेच किट मिळतं, शिवणसुद्धा सारखीच.

मागवायची पाळी का आली ते आधी सांगते. मागच्याच्या मागच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, तीन दिवस मळभ होतं आणि मोहोरावर तुडतुडे इतके की फांदी हलवली तर अंगावर पावसासारखे उडायचे. पानांवर चिकटा पडून ती चकचकायला लागली होती, आता त्याच्यावर काळी बुरशी चढणार आणि गेला मोहोर. असं झालं की माणूस घाबरतो हो, वर्षाचं सगळं त्या चार महिन्यांवर असतं, सोसायटीचं कर्ज, पोरांच्या फिया, सगळं. हे दुकानात गेले आणि दुकानदारानं तीन बाटल्या दिल्या, सांगितलं एकत्र मारा, एकाच पाण्यात काम होईल. पावती नाही. दुकानाचं नाव काढत नाही, एकच दुकान असं करतं असं नाहीये.

ह्यांनी आणि आमच्याकडे दरवर्षी येणाऱ्या नेपाळी भाईनं सकाळपासून फवारलं, अंगात जुना फुलशर्ट आणि तोंडाला रुमाल. दोनच्या सुमाराला हे घरी आले ते अंग घामानं थबथबलेलं, माजघरात गार असताना. पडवीत बसले आणि ओकायला लागले, तोंडातून लाळ गळतीये, म्हणतात डोळ्यासमोर धुकं आलंय. मी पापणी वर करून बघितली तर बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी. सासूबाई ताक घेऊन आल्या, शेजारचे म्हणाले दूध पाजा, कोणी म्हणालं मिठाचं पाणी देऊन अजून ओकायला लावा. देवाची कृपा की माझी नणंद नर्स आहे, तिला फोन लावला तर ती ओरडलीच, काही पाजू नका, ओकायला लावू नका, कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा आणि निघा. ही औषधं बहुतेक घासलेटासारख्या सॉल्व्हंटमध्ये असतात, ओकताना ते फुफ्फुसात गेलं तर वेगळंच संकट.

दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न, औषध कोणतं होतं, बाटली आणलीत का? आणलीच नव्हती. पुतण्याला बागेत पिटाळलं, तर एका बाटलीचं लेबल भिजून सोललेलं आणि एकावरची अक्षरं एवढी बारीक की फोटोत काही वाचता येईना. डॉक्टरांनी बाहुल्या आणि लाळ बघूनच ओळखलं आणि त्यावरचा उतारा, अॅट्रोपिन, सुरू केलं, दोन रात्री ठेवलं. नंतर त्यांनी मला समजावलं ते असं, नसेकडून स्नायूला निरोप गेला की तो निरोप पुसायला शरीरात एक एन्झाइम असतं, कोलिनेस्टरेज. ऑर्गनोफॉस्फेट जातीचं औषध त्या एन्झाइमलाच बांधून टाकतं, मग निरोप पुसलाच जात नाही, लाळ थांबत नाही, घाम थांबत नाही, स्नायू फडफडत राहतात आणि जास्त झालं तर श्वासाचे स्नायू थकतात. हे सगळं कातडीवाटे. ह्यांनी एक थेंब प्यायला नव्हता.

तेव्हापासून बागेत जाताना बाटलीच्या लेबलचा फोटो आधी माझ्या फोनवर येतो, मग पंप चालू होतो. एवढं तरी प्रत्येकानं करा, पैसे लागत नाहीत.

आता किट.

पहिल्या दिवशी ह्यांनी घातलं तेव्हा मला वाटलं झालं, आता काळजी मिटली. पण नणंदेनं एक युक्ती सांगितली ती मी केली आणि त्यामुळंच हे सगळं लिहायला बसलेय. औषध न घालता पिंपात नुसतं पाणी भरलं आणि त्यात कपड्याची नीळ घातली, गडद. ह्यांना आत जुनं पांढरं बनियन आणि पांढरा लेंगा, वरून पूर्ण किट. एचटीपी पंप, म्हणजे जास्त दाबाचा फवारणी पंप लावला, टोकाला नोझल बांधलेल्या रोजच्या बांबूनं रोजच्यासारखं एक उंच कलम फवारायला सांगितलं, वीस मिनिटं. मग अंगणात जॅकेट उतरवलं.

बनियनच्या गळ्याला निळी माळ घातल्यासारखं झालं होतं. दोन्ही खांद्यांवर शिवणीची रेघ निळी, सरळ, पट्टीनं मारल्यासारखी. छातीवर चेनच्या जागी उभा पट्टा. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत ओघळ. आणि लेंग्यावर जांघेत, शिवण जुळते तिथं, तळहाताएवढा डाग. तो डाग बघून मला धस्स झालं, कारण नणंद म्हणाली होती की जांघेतली कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पटीनं औषध आत ओढते, आणि घाम असला की अजून.

कारण साधं आहे. हे किट भाजी, सोयाबीन, कापूस असल्या कमरेएवढ्या पिकाच्या हिशोबानं शिवलेलं आहे, तिथं औषध समोरून आणि खालून येतं. आपण वर मारतो, वीस-पंचवीस फूट, आणि ते सगळं पानांवरून निथळून आपल्याच डोक्यावर येतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना वीसच्या वर शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले, तेव्हा जी कारणं पुढं आली त्यातलं एक हेच होतं की त्या वर्षी कापूस माणसाच्या उंचीएवढा वाढला होता आणि फवारा तोंडावर येत होता, वर दोन-तीन औषधं एकत्र केलेली. तिकडे ते एका वर्षी झालं. आंब्यात औषध दरवर्षी तोंडाच्या वरच असतं.

तर मी काय काय बदललं ते सांगते, शिवणयंत्र असेल तर एका दुपारचं काम आहे.

शिवणींवर आतून रेनकोटला लावतात तसली टेप लावली. चेनवर बाहेरून चार बोटं रुंद झाकण शिवलं आणि त्याला वेल्क्रो. खांद्यासाठी लावणीला बायका डोक्यावरून पाठीवर घेतात त्या इरल्याची आठवण झाली, पाऊस वरून येतो म्हणून इरलं वरून असतं, मग औषधपण वरूनच येतंय की. जाड प्लास्टिकची एक खोळ कापली, डोक्यावरून खांदे झाकून कमरेपर्यंत येणारी, पुढं कपाळावर टोपीच्या काठासारखी थोडी बाहेर. रुमाल किंवा टॉवेल गळ्यात गुंडाळू नका, तो भिजतो आणि दिवसभर ओलं औषध गळ्याला चिकटून राहतं, काही नसण्यापेक्षा ते वाईट.

हातमोज्यांचं मला आधी माहीतच नव्हतं. हात खाली ठेवून काम असेल तर बाही मोज्याच्या बाहेर, म्हणजे ओघळ बाहेर पडतो. हात वर करून काम असेल तर उलटं, बाही मोज्याच्या आत आणि मोज्याची कड बाहेर दुमडून घ्यायची, म्हणजे ओघळ त्या दुमडीत अडकतो, कोपरापर्यंत जात नाही. पँट मात्र कायम गमबुटाच्या बाहेर. आणि काढताना मोजे हातात असतानाच साबणानं धुवायचे, मग उतरवायचे. मोजे नायट्राइलचेच घ्या, चामड्याचे आणि कापडाचे औषध पितात.

मास्क हा ह्या किटमधला सगळ्यात चांगला भाग. पण घेताना डब्यावर काय लिहिलंय ते बघा, ऑरगॅनिक व्हेपरसाठी असं पाहिजे, आत कोळसा असतो. बाहेरून अगदी तसाच दिसणारा पण आत नुसता कापसाचा पॅड असलेला मास्कपण विकतात, तो धुळीला चालेल, औषधाच्या वाफेला नाही. कोरोनातले एन-९५ उरलेत म्हणून तेही वापरू नका, ते कणांसाठी आहेत, वाफ अडवत नाहीत. आणि दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही. ह्यांनी पंचवीस वर्षांची दाढी काढली, पोरं ओळखेनात. डब्यांवर तळहात दाबून श्वास आत घ्यायचा, मास्क चेहऱ्याला ओढला गेला की बसला बरोबर. काम झालं की डबे काढून झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवायचे, उघडे राहिले तर हवेतलंच ओढत बसतात आणि लवकर संपतात. मास्क घालूनही वास यायला लागला की संपले, बदला.

गॉगलवर वाफ धरते. आपली हवा कशी, जानेवारीतपण नऊ वाजले की अंगाला चिकचिक सुरू. आतून साबणाचा पातळ हात फिरवून सुकवला की दीड-दोन तास चालतं. तेवढंच.

आता उकाडा. हे खोटं सांगणार नाही, ह्या किटमध्ये अंग उकडून निघतं. भाई पहिल्या दिवशी अर्ध्या तासात मास्क खाली ओढून म्हणाला, "दीदी, इसमें दम घुटता है." मला त्याच्यावर रागवायचा काय अधिकार, औषध आमच्या झाडांवर पडतंय आणि अंग त्याचं आहे. मग किटपेक्षा वेळच बदलली. उजाडता सुरू आणि साडेनऊ-दहाला पंप बंद. ह्याला दुसरंपण कारण आहे, सकाळी मतलई असते, वारा डोंगराकडनं समुद्राकडे, हलका आणि एकाच दिशेनं. दहा-अकरानंतर खारा वारा उलटतो आणि सड्यावर तो कसा येतो ते आपल्याला माहीतेय, फवारा झाडावर कमी आणि शेजारच्या घरात जास्त. आता वाऱ्याकडे पाठ करून, झाडाच्या घेराच्या बाहेर उभं राहून मारतात, खोडाजवळ आत शिरून नाही. बांबू चार फुटांनी वाढवला. हजेरी पूर्ण दिवसाचीच देतो, दोन दिवस जास्त लागतात, जाऊदे. भाई आता स्वतःहून मास्क मागतो.

साईझचा मोठा प्रॉब्लेम आहे. एकच साईझ येते, ती सहा फुटी माणसाची. भाई पाच फूट दोन, पँट पायात येते. आणि त्याची बायको? ती पाइप ओढते, पिंपात औषध ढवळते, म्हणजे पाणी न मिसळलेल्या कच्च्या औषधाच्या सगळ्यात जवळ तीच. फवारलेल्या पाण्यापेक्षा बाटलीतलं औषध शेकडो पट जहाल, आणि तिच्या मापाचं काहीच मिळत नाही. पहिल्या वर्षी ती काठीनं ढवळायची आणि मूल पाठीशी बांधलेलं असायचं. ते आठवलं की मला आजही झोप लागत नाही. आता मिसळायचं काम हे स्वतः करतात, पूर्ण किट घालून, आणि मूल फवारणीच्या दिवशी आमच्या घरात असतं, पडवीत, माझ्याजवळ.

कपड्यांचं म्हणाल तर फवारणीचे कपडे आता वेगळ्या बादलीत, मोजे घालून, गरम पाणी आणि पावडर, दोनदा, आणि कडक उन्हात. पोरांचे कपडे त्या बादलीत नाही, त्या दगडावर नाही. माझी बोटं एका सीझनमध्ये बरी झाली. तो साबण नव्हता.

इथपर्यंत किट. आता किट काय करू शकत नाही ते लिहिते, कारण किट अंगावर चढवलं की सगळं सेफ झालं असं वाटायला लागतं, मलाही वाटलं होतं.

बाटलीवर त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लालचा अर्थ असा की उंदरांवर तपासताना पोटात दिलं तर वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमच्या आतच निम्मे उंदीर मारायला पुरतं. दुकानदार निळा-हिरवा दाखवून म्हणतात, हे सौम्य आहे, घाबरू नका. पण तो त्रिकोण फक्त एका झटक्यात पोटात किंवा कातडीवाटे गेलं तर किती जहाल, एवढंच सांगतो. मासोळीचं नाही सांगत, मधमाशीचं नाही, वीस वर्षं थोडं थोडं अंगात गेलं तर काय हे तर नाहीच. सिंथेटिक पायरेथ्रॉइड, म्हणजे ते लॅम्बडा, सायपर, डेल्टा वगैरे, माणसाला त्या मानानं कमी पण मासे, कोळंबी, खेकडे ह्यांना अगदी थोड्यात मारतं. आमच्या बागेच्या खालून व्हाळ, म्हणजे ओढा जातो, तो पुढं खाडीला मिळतो. पूर्वी पिंप धुतलेलं पाणी तिथंच ओतायचे सगळे. मृगात पाऊस पडला की चढणीचे मासे त्याच व्हाळातून शेतात चढायचे, माझं लग्न झालं तेव्हा मी टोपलीनं पकडलेत, आता दोन पावसाळे झाले पोरांना दाखवायला एक चढला नाही. फक्त औषधामुळं असं मी म्हणणार नाही, बंधारे झाले, माती आली. पण मार्चमध्ये पिंप धुतल्यावर व्हाळाच्या डबक्यात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, उताण्या पडलेल्या मी स्वतः बघितल्यात.

आणि आपला जांभा दगड. पाणी धरत नाही, चाळणीसारखं सोडतो. सड्यावर ओतलेलं खालच्या वाडीच्या विहिरीत जायला वेळ लागत नाही. काजूवाल्यांनी केरळातलं कासारगोड आठवावं, तिथंही जांभाच आहे आणि कीडही आपलीच, काजूवरचा ढेकण्या. त्याच्यासाठी सरकारी महामंडळाच्या काजूमळ्यांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान हे कीटकनाशक मारत होते, आणि खालच्या गावांत व्यंग असलेली मुलं जन्मली, मेंदूचे आणि नसांचे आजार झाले. २०११ साली सुप्रीम कोर्टानं एंडोसल्फान देशभर बंद केलं, २०१७ साली पीडितांना प्रत्येकी ५ लाख द्यायला केरळ सरकारला सांगितलं. त्या मुलांनी तर पंप हातात धरलाच नव्हता. कुठलं किट त्यांना वाचवणार होतं?

रिकाम्या बाटल्यांबद्दल एकच गोष्ट सांगते. २०१३ साली बिहारमध्ये सारण जिल्ह्यात शाळेचा माध्यान्ह आहार खाऊन २३ मुलं गेली, जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं, तेल औषधाच्या डब्यात ठेवलेलं असावं असं समोर आलं. हे वाचल्या दिवशी मी आमच्या मांगरातून, म्हणजे बागेतल्या खोपीतून, अकरा बाटल्या काढल्या, एका पाच लिटरच्या कॅनमध्ये सासूबाई कोकमाचं आगळ ठेवायच्या, स्वच्छ धुतलाय म्हणून. आता बाटली रिकामी झाली की तीन वेळा विसळून ते पाणी पिंपातच, मग खिळ्यानं भोकं पाडायची, म्हणजे कोणी वापरूच शकत नाही. जाळायची नाही, धूर विषारी.

दुकानाचं सांगते. आता आम्ही पक्की पावती घेतो, त्यावर औषधाचं नाव, बॅच नंबर, तारीख. देत नसेल तर घेत नाही. प्रमाण दुकानदाराच्या तोंडून नाही, माहितीपत्रकावरून, त्यावर दहा लिटरला ३ मिली लिहिलं असेल तर २०० लिटरच्या पिंपाला ६०. आम्हाला कायम "शंभर टाका, कडक बसेल" असं सांगायचे आणि हे बाटलीच्या झाकणानं अंदाजे ओतायचे. मापाचा ग्लास आणला, त्याला लाल ऑइलपेंटनं रेघ मारली, तो औषधाच्या कुलुपाच्या पेटीतच राहतो. माहितीपत्रकाची अक्षरं वाचायला भिंग लागतं, हे मी मनापासून रागानं लिहितेय, विषाची लक्षणं आणि उतारा ज्या कागदावर आहे तो कागद चाळिशीच्या माणसाला वाचता आला पाहिजे.

आणि मुळात फवारण्या कमी केल्या. पूर्वी आमच्या आठ-नऊ व्हायच्या, कधी दहा, मागच्या सीझनला पाच झाल्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक आहे, ते भिंतीवर लावलंय, आणि त्यातलीही फवारणी तुडतुडे दिसले तरच. दोन औषधं मनानं एकत्र करायची नाहीत. पावसाळा संपताना मधल्या गर्दीच्या फांद्या काढल्या, ऊन आत गेलं की तुडतुडे आणि करपा दोन्ही कमी राहतात, झाड थोडं ठेंगणंपण झालं म्हणजे औषध डोक्यावर कमी. फळमाशीसाठी औषध मारतच नाही, विद्यापीठाचा रक्षक सापळा टांगतो, त्यात एका आठवड्यात मूठभर माश्या पडतात. भरगच्च मोहोर फुललेला असताना पंप बंद. त्या दिवसांत मोहोरावर माश्या आणि सातेरी मधमाश्या असतात, फळ त्यांच्यामुळं धरतं, आणि आपण तुडतुड्यांचं औषध इमिडाक्लोप्रिड मारून त्यांनाच मारायचो. युरोपनं २०१८ साली ते उघड्या शेतात बंद केलं ते मधमाशीसाठीच. गेल्या फेब्रुवारीत मोठ्या कलमाखाली उभी राहिले तर वर गुणगुण ऐकू येत होती. सासूबाई म्हणाल्या, हा आवाज किती वर्षांनी आला गो.

तण मारायचं औषधपण सोडलं, ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं २०१५ सालीच कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्यांत टाकलंय. ग्रासकटर भाड्यानं आणतो.

माल कमी आला का, हे सगळे विचारतात. थोडा आला. डागी फळ जास्त निघालं, ते कॅनिंगला गेलं. औषधाचे पैसे वाचले त्यातून फरक बराचसा भरला, पूर्ण नाही. ज्यांनी बाग करारानं दिलीय त्यांच्या हातात हे नाही हे मला कळतं, करारवाला त्याचं पीक बघणार. पण करारात एवढं तरी घालता येतं की पिंप व्हाळात धुवायचं नाही आणि माणसांना मास्क द्यायचा.

अजून एक. सीझन सुरू व्हायच्या आधी आणि मध्येच एकदा ह्यांची आणि भाईची कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी केली. सॅम्पल बाहेर पाठवावं लागलं, चार दिवस लागले. प्रत्येकाचा आकडा मुळात वेगळा असतो म्हणून आधीचा हातात असेल तरच नंतरचा घसरलाय का ते कळतं. भाईचा मध्ये थोडा घसरला होता, डॉक्टरांनी त्याला तीन आठवडे औषधापासून लांब ठेवायला सांगितलं, आम्ही त्याला राखणीला ठेवला. तो चांगला दिसत होता, त्याला काहीच होत नव्हतं, नुसतं बघून कधीच कळलं नसतं.

किटला मार्क द्यायचे तर मास्कला दहापैकी नऊ, मोज्यांना आठ, गॉगलला सहा, जॅकेट-पँटला पाकिटातून निघाल्यावर चार आणि शिवून घेतल्यावर सात. निळीची टेस्ट प्रत्येकानं आपापल्या किटवर करा, दहा रुपयांची नीळ लागते, आणि बनियन उतरवताना घरातल्या सगळ्यांना समोर बोलवा, ह्यांना माझं बोलणं पंधरा वर्षांत पटलं नव्हतं ते त्या बनियननं पटलं.

एक माहिती हवी आहे. ह्या मास्कचे सुटे डबे रत्नागिरीत कुठेच मिळाले नाहीत, ऑनलाइन पूर्ण मास्कच घ्यावा लागतो. लांजा, राजापूर, देवगडकडे कोणाला सुटे मिळाले असतील तर दुकान सांगा. आणि बाईच्या मापाचं, पाच फुटाच्या आतलं जॅकेट कोणी शिवून देत असेल तर तेही कळवा, दिवाळीच्या आधी दोन हवी आहेत, एक भाईच्या बायकोला आणि एक मला.